एकोणचाळीस मिनिटांचा हिशेब

एक काम करा. आज घरी गेलात की घड्याळं मोजा. भिंतीवरचं एक, बेडरूममधलं गजराचं एक, मायक्रोवेव्हच्या कपाळावर लुकलुकणारं, सेट-टॉप बॉक्सवरचं, लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं आणि घरात जितकी माणसं तितक्या मोबाइलमधलं. वन बीएचकेमध्येसुद्धा आठ-दहाचा आकडा आरामात होतो. आता दुसरं काम. यातली किती घड्याळं एकच वेळ दाखवतात, ते बघा.

मुंबईकराच्या घरात उत्तर ठरलेलं. मोबाइल सगळे एका सुरात, आणि हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे. बिघडलंय म्हणून नाही हं, मुद्दाम! गिरगावातल्या चाळीपासून परळच्या टॉवरपर्यंत सेम टू सेम. घड्याळ पुढे आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, सगळे मनातल्या मनात दहा मिनिटं वजाही करतात, आणि तरी त्याच्याकडे नजर गेली की पाय आपोआप चपलांकडे वळतात. फास्ट लोकल पकडायची तर स्वतःला एवढं फसवावंच लागतं, बॉस.

आता कल्पना करा, अख्ख्या देशाने हेच करायचं ठरवलं. दहा मिनिटं नाही, चांगला एक तास. सरकारी हुकमाने, सगळ्यांनी, एकाच रात्री. डे-लाइट सेव्हिंग टाइम म्हणतात तो हाच. उन्हाळ्यात सूर्य भल्या पहाटे उगवतो तेव्हा लोक घोरत असतात आणि संध्याकाळी दिवे जाळत बसतात, मग घड्याळच पुढे ढकला, असा हा हिशेब. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायला जर्मनीने १९१६मध्ये तो सुरू केला, पाठोपाठ इंग्लंडने, आणि १९१८मध्ये अमेरिकेने.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपल्याकडे हे लाड नाहीत. खरंय, गरजही नाही. मुंबईत जूनमधला मोठ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला लहानात लहान अकरा तासांचा. म्हणजे फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. लंडनला हाच दिवस उन्हाळ्यात साडेसोळा तासांहून मोठा आणि हिवाळ्यात आठ तासांहून लहान. ज्याच्या खिशात एवढा उजेड खुळखुळतो, त्याने बचतीचे बेत करावेत. आपण ते केले दुसऱ्या महायुद्धात. १ सप्टेंबर १९४२पासून १९४५च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत देशाची घड्याळं एक तास पुढे होती. युद्ध संपलं, तास परत केला, विषय संपला.

पण संपला म्हणता म्हणता तो मागच्या दाराने घरात शिरलाच की! फोनवरून.

माझी आत्या गिरगावात राहते. तिच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक आपलं आणि एक ‘दादाचं’. दादा म्हणजे तिचा मुलगा, न्यू जर्सीत एडिसनला असतो. वर्षातून दोनदा घरातलं कुणीतरी स्टुलावर चढतं आणि दादाचं घड्याळ एक तास पुढे नाहीतर मागे करतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. या तारखा अमेरिकेने २००७पासून लागू केल्या. तिकडे पहाटेचे दोन वाजतात तेव्हा मार्चच्या त्या रविवारी आपल्याकडे दुपारचे साडेबारा झालेले असतात. आत्याचा वरण-भाताचा कुकर होतो आणि दादाचा एक तास गायब होतो!

दादाकडची गंमत वेगळीच. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही झोपेतच शहाणे होतात. त्यांच्या पोटात जगभरच्या नियमांचा एक तक्ताच भरलेला असतो, कुठल्या गावाची वेळ कुठल्या तारखेला किती सरकते त्याचा. पण ओव्हन आणि मायक्रोवेव्हला कोण सांगणार? आणि दादाची गाडी तर जुनी. त्यातलं घड्याळ तो नोव्हेंबरात बदलतच नाही. म्हणतो, “मार्चमध्ये आपोआप बरोबर होतं!” घोळ होतो तो दिवाळीत. लक्ष्मीपूजन कधी नोव्हेंबरच्या त्या रविवारच्या अलीकडे पडतं, कधी पलीकडे. पंचांगातली वेळ आपल्या सूर्याची, एडिसनमधला सूर्यास्त तिकडचा, आणि वर हा एक तास. मग फोनवर मायलेकांची जी बेरीज-वजाबाकी चालते, ती ऐकण्यासारखी असते.

लंडनवाल्यांसाठी मात्र झक्कास युक्ती आहे. मनगटावरचं काट्यांचं घड्याळ उलटं धरून बघा. आपल्याकडे दुपारचे तीन वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतील. लंडनला तेव्हा सकाळचे साडेनऊच वाजलेले असतात! आपण साडेपाच तास पुढे आहोत त्याचा हा फायदा. पण ही जादू चालते फक्त हिवाळ्यात. मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडन घड्याळ पुढे करतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तुमचं उलटं घड्याळ एक तास मागे पडतं.

हे झालं घरातलं. आता येऊ या ऑफिसात. इथे गंमत संपते.

न्यूयॉर्कला सकाळी नऊची मीटिंग म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की तीच मीटिंग साडेसातला. तिकडे कुणालाच काही वाटत नाही, कारण त्यांच्यासाठी नऊ ते नऊच. कॅलेंडरमधली मीटिंग सहसा ती ज्याने बनवली त्याच्या टाइम झोनच्या खुंटीला बांधलेली असते. त्यामुळे सोमवारी सकाळी फोन उघडावा तर अख्ख्या आठवड्याच्या मीटिंगा गुपचूप एक तास खाली घसरलेल्या. ना मेल, ना नोटीस. फोन बिचारा इमानदार, त्याने आपलं काम केलं. मार्चमध्ये आणखी कहर! अमेरिका सरकलेली असते आणि लंडन अजून सरकायचं असतं. दोन-तीन आठवडे तिन्ही शहरांची एकत्र मीटिंग असेल तर कुणीतरी तासभर आधी येऊन रिकाम्या खोलीत वाट बघत बसणार, हे नक्की.

एक तासाने काय बिघडतं? हा प्रश्न विचारणाऱ्याने आमच्या टीममधल्या मैत्रिणीला भेटावं. ऑफिस लोअर परळला, घर चिंचपोकळीला, मुलगी तीन वर्षांची. पाळणाघर आठला बंद. उन्हाळ्यात मीटिंग साडेसातला संपते. करी रोडपर्यंत झपझप चालायचं, एक स्टेशन, पुन्हा धावपळ, आणि आठच्या ठोक्याला ती पाळणाघराच्या दारात. नोव्हेंबरपासून मीटिंग संपणार साडेआठला. पाळणाघरवाल्या मावशींच्या घड्याळात मात्र ऑक्टोबर काय, नोव्हेंबर काय, आठ ते आठच. मग चार महिने शेजारच्या काकूंना विनवण्या, नवऱ्याशी वादावादी, आणि मुलगी झोपेला आल्यावर घरी. अमेरिका उजेड वाचवते आणि बिल चिंचपोकळीला येतं!

आता एक जुनी गोष्ट सांगते. तिचा पत्ता आपल्या ऑफिसपासून फार लांब नाही.

आपली भारतीय प्रमाणवेळ मोजतात साडेब्याऐंशी अंश रेखांशावर. ती रेषा जाते उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून. मुंबई तिच्या पश्चिमेला साडेनऊ अंशांहून थोडी जास्तच लांब. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने मुंबईचा सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे चालतो. म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी. फेब्रुवारीच्या मध्याला तर १२:५३, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२. पारशी मित्र असेल तर विचारा, दुपारच्या प्रार्थनेचा गेह कधी सुरू होतो? बारा-चाळीसला, असंच सांगेल. खरी मुंबईची दुपार तीच.

पूर्वी या शहराची वेळ याच सूर्यावर चालायची. मुंबई टाइम म्हणायचे तिला, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर धावायची, म्हणजे मुंबईच्या साधारण अर्धा तास पुढे. गाडी पकडायची असेल तर एक वेळ, बाकी सगळ्याला दुसरी. (घड्याळ पुढे ठेवायची आपली खोड तिथली तर नाही?) १८८१मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कारभारालाही मद्रासची वेळ लावून बघितली. शहर इतकं कुरकुरलं की १८८३मध्ये ती मागे घ्यावी लागली.

मग आलं १९०६. १ जानेवारीपासून देशभर एकच प्रमाणवेळ. मुंबईच्या घड्याळांनी ३९ मिनिटं पुढे उडी मारायची. आणि ५ जानेवारीला काय झालं? काही हजार गिरणी कामगारांनी काम बंद केलं, गिरण्यांवर दगड मारले. लोण शहरात पसरलं, १५ हजारांहून जास्त लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. घड्याळावरून दंगा! आज ऐकायला विचित्र वाटतं. पण गिरणगावात घरोघरी घड्याळं कुठली असायला? लोक उठायचे गिरणीच्या भोंग्यावर. आणि भोंगा ३९ मिनिटं आधी वाजला तर सूर्य काही ३९ मिनिटं आधी उगवत नाही. गिरणी सहाला सुरू होते असं धरा. नव्या घड्याळात सहा वाजले तेव्हा जुन्या घड्याळात ५:२१ झालेले. जानेवारीच्या काळोखात, थंडीत, चाळीतल्या सार्वजनिक नळावर रांग लावायची ती आणखी आधी. कागदावर फक्त काटे सरकले होते. झोप खरी गेली होती.

महापालिकेत सर फिरोजशहा मेहतांनी मुद्दा लावून धरला की लोकांना विश्वासात न घेता हे केलंय. आणि पालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबई टाइमच ठेवला. एक-दोन वर्षं नाही, स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षं, थेट १९५०च्या दशकापर्यंत! एकाच रस्त्यावर सरकारी घड्याळ एक वाजलाय म्हणायचं आणि पालिकेचं घड्याळ १२:२१. आपल्या आजी-आजोबांनी लग्नपत्रिकांवर वेळेच्या पुढे ‘स्टँडर्ड टाइम’ असं छापलेलं बघितलंय ते यामुळेच.

खरं तर एका अर्थाने मुंबई हरली आणि तिचा फायदाही झाला. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य मावळतो सव्वासातच्या आसपास. जुन्या मुंबई टाइमवर तो साडेसहाच्या सुमारास मावळला असता. म्हणजे ऑफिस सुटल्यावर शिवाजी पार्कला चक्कर मारताना जो उजेड मिळतो, तो त्या ३९ मिनिटांचा. आपण बारा महिने डे-लाइट सेव्हिंगमध्येच जगतो की! फक्त काटे सरकवायची कटकट नाही. उलट टोकाला आसाम. तिथे सूर्य इतका लवकर उगवतो की चहाच्या मळ्यांत घड्याळ अजूनही एक तास पुढे ठेवतात, ‘बागान टाइम’. प्रमाणवेळ कुठेही ठेवा, कुणाच्या तरी पहाटेला किंवा कुणाच्या तरी संध्याकाळी धक्का लागणारच. मुद्दा एवढाच, की ज्याला धक्का लागणार त्याला आधी विचारलं होतं का?

१९०६च्या गिरणी कामगाराचा राग हाच होता. आणि आता जरा लोअर परळच्या खिडकीतून खाली बघा. आपली काचेची ऑफिसं उभी आहेत ती गिरण्यांच्याच जमिनीवर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, हळूहळू भोंगे थांबले, चिमण्या विझल्या. फिनिक्स, कमला, तोडी ही आज आपल्याला कॉफी प्यायच्या जागा वाटतात, पण नावाच्या शेवटी मिल आहे ती उगाच नाही. ज्या गिरणगावात लोक ३९ मिनिटांसाठी कामावरून उठले, तिथेच आपण वर्षाला दोनदा ६० मिनिटं मुकाट्याने सरकवून घेतो. भोंगा फक्त खिशात आलाय आणि व्हायब्रेट होतो.

दगड मारा असं म्हणत नाहीये मी! एक साधा, बिनदगडी उपाय आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या टीममधल्या सात जणांनी तिकडच्या प्रमुख बाईंना एक छोटी मेल लिहिली. तक्रार नाही, नुसता तक्ता. डावीकडे आताची वेळ, उजवीकडे नोव्हेंबरची वेळ, खाली एक ओळ: भारतात घड्याळं बदलत नाहीत. उत्तर अर्ध्या तासात आलं. त्यांना माहीतच नव्हतं! त्यांची समजूत अशी की सगळं जगच काटे सरकवतं. मग बोलणं झालं. न्यूयॉर्कची मीटिंग हिवाळ्यात आठला घेतली तर आपल्याकडे साडेसहाच राहतात. पण त्यांनाही सकाळी मुलाला शाळेत सोडायचं असतं. शेवटी तोड निघाली. आठवड्यातले तीन दिवस त्यांनी लवकर यायचं, दोन दिवस आम्ही उशिरा थांबायचं. मैत्रिणीला आता त्या चार महिन्यांत काकूंकडे आठवड्यातून दोनच दिवस मागावे लागतात. ते दोन दिवस नवऱ्याने वाटून घेतलेत. (यावर वेगळा कॉलम लिहिता येईल!)

आणि जाता जाता एक टिप. मीटिंगचं आमंत्रण तुम्ही स्वतः बनवा, भारतीय वेळेत. मग खुंटी मुंबईत ठोकलेली राहते. घड्याळ सरकलं की सरकेल ती त्यांची मीटिंग, तुमची नाही. त्यांना ते लक्षात येईल, ते फोन करतील, आणि मग निदान बोलणं तरी होईल. आमंत्रण बनवताना टाइम झोनच्या यादीत मुंबई शोधत बसू नका मात्र. बऱ्याच ठिकाणी आपली वेळ ‘कोलकाता’ या नावाखाली असते. इतकं भांडून शेवटी नाव लागलं कोलकात्याचं! चालायचंच.

तर मंडळी, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एक रिमाइंडर लावून ठेवा: ‘मेल टाकणे’. नोव्हेंबर उजाडल्यावर कुरकुरण्यात अर्थ नसतो, तोवर सगळ्यांची कॅलेंडरं भरलेली असतात. आणि हॉलमधलं ते दहा मिनिटं पुढे असलेलं घड्याळ? त्याला हात लावू नका. ते आपण आपल्या मर्जीने पुढे केलंय.